निअँडरथल मानव का नाहीसा झाला?

एखादा समाज नाहीसा झाला, म्हणजे त्याच्या नाशाची कारणे उरलेल्यांनी सांगावयाची, असा इतिहासलेखनाचा जुना शिरस्ता आहे. आपण उरलो त्या अर्थी आपल्या अंगी काही विशेष गुण असलाच पाहिजे, असे उरलेल्यांना वाटणे स्वाभाविक असते. आणि मग जे गेले त्यांच्या ठायी तेवढाच मोठा दोष शोधण्याकडे मनाचा कल होतो. निअँडरथल मानवाच्या बाबतीत हा शिरस्ता जितका निर्वेधपणे चालला, तितका क्वचितच अन्यत्र चालला असेल. कारण गेलेल्यांच्या वतीने दोन शब्द बोलणारा कोणी मागे उरलेला नव्हता. निअँडरथल हा दणकट पण मंदबुद्धी, आपले पूर्वज चपळ व बुद्धिमान. म्हणून तो गेला आणि आपण राहिलो, हे उत्तर आपण वर्गात सहज सांगून जातो. ते कितपत खरे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. गेल्या सुमारे तीस वर्षांत या विषयावर जो नवा पुरावा पुढे आला, त्याने या उत्तराचा पायाच हलविला आहे.

प्रथम या मानवाची ओळख जगाला कशी झाली ते पाहू. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराजवळ निअँडर नावाचे एक खोरे आहे. सतराव्या शतकातील योआखिम निअँडर या धर्मोपदेशक स्तोत्रकाराच्या स्मरणार्थ त्याला हे नाव पडले. या घराण्याचे मूळ आडनाव नॉयमान, म्हणजे ‘नवा माणूस’. त्याचेच ग्रीक रूप निअँडर. जुन्यात जुन्या माणसांपैकी एकाला योगायोगाने ‘नव्या माणसाचे’ नाव मिळाले ते असे. १८५६ साली या खोऱ्यात चुनखडीच्या खाणीसाठी एक गुहा साफ करीत असता मजुरांना काही हाडे व कवटीचा वरचा भाग सापडला. अस्वलाची हाडे म्हणून ती बाजूस पडली होती. एल्बरफेल्ड येथील शाळेत निसर्गविज्ञान शिकविणाऱ्या योहान कार्ल फुलरॉट या शिक्षकाच्या हाती ती आली आणि ही हाडे माणसाची, पण आजच्या माणसाहून वेगळ्या माणसाची आहेत, हे त्याने ओळखले. बॉन येथील शरीरशास्त्रज्ञ हेर्मान शाफहाउझेन याने त्याला दुजोरा दिला आणि १८५७ साली दोघांनी हा शोध विद्वानांपुढे मांडला. डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ निघावयास अजून दोन वर्षांचा अवकाश होता.

विद्वानांनी या शिक्षकाचे म्हणणे सहजासहजी मान्य केले नाही. ऑगस्ट मायर याने असे प्रतिपादन केले की, ही हाडे नेपोलियनच्या पाठलागावर १८१४ साली आलेल्या रशियन सैन्यातील एखाद्या कॉसॅक घोडेस्वाराची असावीत. त्याला मुडदूस झालेला होता आणि दुखण्यामुळे सतत कपाळाला आठ्या घालून घालून भुवयांवरचे हाड पुढे आले! रुडॉल्फ व्हिर्को या थोर विकृतिशास्त्रज्ञानेही १८७२ मध्ये ही हाडे रोगग्रस्त माणसाची ठरविली. आयर्लंडमधील प्राध्यापक विल्यम किंग याने १८६४ साली या मानवाला स्वतंत्र जातीचे नाव दिले खरे. पण या कवटीतील विचार पशूंच्या पातळीवरच राहिले असले पाहिजेत, असा शेराही त्याने मारून ठेवला. पुढे १९०८ साली फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे एका वृद्ध निअँडरथलाचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला. मार्सेलँ बूल या विद्वानाने १९११ ते १९१३ या काळात त्याचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून गुडघे वाकवून, मान पुढे काढून चालणारा अर्धवट माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. १९५७ साली स्ट्रॉस आणि केव्ह या दोघा शरीरशास्त्रज्ञांनी तोच सांगाडा पुन्हा तपासला, तेव्हा या वृद्धाला तीव्र संधिवात असल्याचे त्यांनी दाखवून दिले. निरोगी निअँडरथल आपल्यासारखाच ताठ चालत असे. एका आजारी म्हाताऱ्याच्या व्यंगावरून सबंध मानवजातीला कमी लेखण्याचा हा प्रकार अर्धशतकाच्या आसपास चालू राहिला, आणि चित्रांतून व गोष्टींतून तो अद्यापि पुरता नाहीसा झालेला नाही.

वस्तुतः निअँडरथल मानवाची योग्यता काय होती? सुमारे चार लाख वर्षांपूर्वीपासून चाळीस हजार वर्षांपूर्वीपर्यंत, पश्चिमेस स्पेन-पोर्तुगालपासून पूर्वेस सायबेरियातील अल्ताई पर्वतापर्यंत, त्याने वस्ती केली. त्याच्या मेंदूचे आकारमान आपल्याएवढेच होते. काही कवट्यांत तर ते आपल्या सरासरीहून अधिक भरते. गारगोटीचा दगड आधी विशिष्ट तऱ्हेने घडवून मग एका आघातात त्यातून हवे तसे पाते काढण्याची अवघड कला त्याला अवगत होती. भूर्जवृक्षाच्या सालीपासून डांबरासारखा चिकट पदार्थ काढून तो दगडी पाती लाकडी दांड्याला जोडीत असे. फ्रान्समधील ब्रुनिकेल येथील गुहेत, तोंडापासून ३३६ मीटर आत, जेथे सूर्यप्रकाशाचा लवलेश पोचत नाही अशा जागी, चुनखडीच्या सुळक्यांचे सुमारे चारशे तुकडे मोडून रचलेली वर्तुळे सापडली आहेत. ती सुमारे १,७६,००० वर्षांपूर्वीची असल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले. त्या काळी युरोपात निअँडरथलाखेरीज दुसरा मानव नव्हता. दिवे वा मशाली घेऊन इतक्या आत जाणे, तेथे मिळून काम करणे, हे भाषेवाचून कसे साधले असेल, असा प्रश्न पडतो. इस्राएलमधील केबारा गुहेत १९८३ साली सापडलेल्या सांगाड्यातील कंठास्थीही आपल्या कंठास्थीसारखेच आहे.

त्याच्या समाजजीवनाविषयीही एक बोलका पुरावा आहे. इराकमधील शानिदार गुहेत राल्फ सोलेकी याने १९५० च्या दशकात जे सांगाडे उकरून काढले, त्यांतील एका पुरुषाच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस जबर आघात झालेला होता व त्या डोळ्याने त्याला बहुधा दिसत नसावे. त्याचा उजवा हात कोपराच्या वर खुरटून तुटलेला होता, तो लंगडत होता, आणि कानांत हाड वाढल्यामुळे त्याला ऐकूही नीट येत नसावे, असे अलीकडच्या तपासणीत आढळले. तरीही तो या दुखापतींनंतर कित्येक वर्षे जगला व त्या काळच्या मानाने बऱ्याच वयाचा होऊन मेला. शिकारीवर जगणाऱ्या टोळीत असा माणूस इतरांनी सांभाळल्यावाचून जगू शकत नाही. तेव्हा मूर्खपणा किंवा निर्दयपणा या सदरांखाली निअँडरथलाच्या नाशाचे कारण घालता येत नाही.

आता तो नेमका केव्हा नाहीसा झाला हे पाहिले पाहिजे, कारण काळाचा निर्णय झाल्यावाचून कारणाचा निर्णय होत नाही. जुन्या हाडांत नव्या कार्बनचा अल्पसा अंश मिसळला तरी कार्बन-१४ पद्धतीने काढलेले वय हजारो वर्षांनी कमी भरते. त्यामुळे पूर्वीच्या पुष्कळ तारखा चुकल्या होत्या. शुद्धीकरणाच्या सुधारलेल्या पद्धती वापरून टॉम हायम व त्याच्या सहकाऱ्यांनी स्पेनपासून रशियापर्यंतच्या चाळीस स्थळांचा कालनिर्णय २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून निअँडरथल संस्कृती ४१,००० ते ३९,००० वर्षांपूर्वीच्या दरम्यान सर्वत्र संपुष्टात आली, आणि युरोपात आधुनिक मानव व निअँडरथल यांचे अस्तित्व २,६०० ते ५,४०० वर्षे एकाच काळात होते, असा निष्कर्ष निघाला. हा अवधी किती मोठा, याची कल्पना करून पाहावी. सातवाहनांपासून आजपर्यंतचा काळही त्याहून कमीच भरेल. तेव्हा निअँडरथलांचा अंत हा एखादा प्रलय नव्हे. शंभराहून अधिक पिढ्यांत हळूहळू घडत गेलेली ती घटना आहे.

या घटनेची जी कारणे सांगितली जातात, त्यांतील पहिले हवामानाचे. त्या काळी युरोपचे हवामान फार चंचल होते. काही दशकांच्या अवधीत कडाक्याची थंडी पडे व पुन्हा ऊब येई. सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे प्रचंड लोंढे आले आणि युरोपवर दीर्घ शीतकाळ ओढवला. त्याच सुमारास इटलीत नेपल्सजवळ एका महाज्वालामुखीचा उद्रेक होऊन त्याची राख रशियापर्यंत जाऊन पडली. हे कारण सकृद्दर्शनी पटण्याजोगे आहे. परंतु निअँडरथल हा काही उन्हाळी प्रदेशातून आलेला पाहुणा नव्हता. १,९०,००० ते १,३०,००० वर्षांपूर्वीचे दीर्घ हिमयुग त्याने पचविले होते. त्यानंतरचा सत्तर हजार वर्षांपूर्वीचा शीतकाळही त्याने काढला. शिवाय त्या राखेचा थर ज्या स्थळी सापडतो, तेथे बहुतेक ठिकाणी निअँडरथलांचे अवशेष त्या थराच्या पुष्कळ खाली संपलेले दिसतात. आणि थंडीनेच माणसे मरावयाची, तर आफ्रिकेतून आलेल्यांनी आधी मरावयास हवे होते. हवामानाने त्यांचे प्रदेश आक्रसले, टोळ्या एकमेकींपासून तुटल्या, हे मान्य करता येईल. पण एवढ्यावर भागत नाही.

दुसरे कारण युद्धाचे. आक्रमक येतात आणि मूळच्या रहिवाशांची कत्तल करतात, हे दृश्य पुढील इतिहासात वारंवार दिसत असल्यामुळे ते मागे नेऊन बसविण्याचा मोह होतो. शानिदारच्या एका सांगाड्याच्या बरगडीवर टोकदार शस्त्राची जखम आहे, आणि ती फेकलेल्या हलक्या भाल्याची असू शकेल असे प्रयोगांती काही संशोधकांना वाटते. एल सिद्रोन या स्पेनमधील गुहेत निअँडरथलांची हाडे मांस काढण्यासाठी छिललेली आढळली. पण तो प्रकार त्या भागात आधुनिक मानव येण्यापूर्वीचा आहे. म्हणजे हिंसा होती, ती आपापसांतही होती. पण एका जातीने दुसरीचा सामूहिक संहार केल्याचा पुरावा एकाही स्थळी मिळालेला नाही. विस्तीर्ण प्रदेशात विरळ पसरलेल्या टोळ्यांची एकमेकींशी गाठही क्वचितच पडत असेल. पुराव्यावाचून आपल्या पूर्वजांच्या माथी हत्येचे पाप मारणे, किंवा त्यांना विजयाचे श्रेय देणे, दोन्ही सारखेच अनुचित होय.

तिसरे कारण आधुनिक मानवाच्या उपजत बुद्धिसामर्थ्याचे. याला उत्तर पश्चिम आशियातील गुहांनीच दिले आहे. इस्राएलमधील स्खूल व काफझे येथे सुमारे १,२०,००० ते ९०,००० वर्षांपूर्वी आधुनिक मानव राहत होते, आणि त्यांची दगडी हत्यारे निअँडरथलांच्या हत्यारांसारखीच होती. त्यांनी निअँडरथलांना हुसकून लावले नाही. उलट, पुढे सुमारे साठ हजार वर्षांपूर्वी त्याच प्रदेशातील केबारा येथे निअँडरथल नांदताना दिसतात. बुद्धी जर जन्मसिद्ध होती, तर ती पन्नास-साठ हजार वर्षे स्वस्थ का बसली? ज्या कारणाचे कार्य एके काळी होते व दुसऱ्या काळी होत नाही, ते कारण अपुरे समजले पाहिजे.

येथे जनुकशास्त्राने टाकलेला प्रकाश महत्त्वाचा ठरतो. १९९७ साली स्वान्ते पेबो व त्याच्या सहकाऱ्यांनी निअँडर खोऱ्यातील त्याच मूळ हाडातून डीएनएचा मातृवंशीय अंश वेगळा करून वाचला. २०१० मध्ये निअँडरथलाच्या संपूर्ण जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, आणि २०२२ मध्ये पेबोला नोबेल पारितोषिक मिळाले. या वाचनातून जी पहिली गोष्ट कळली, ती निअँडरथलांच्या संख्येविषयीची. त्यांच्यातील परस्परभेद इतके अल्प आहेत की, दर पिढीला संतती मागे ठेवणाऱ्यांची त्यांची संख्या काही हजारांच्या घरातच असावी. अल्ताई पर्वतातील एका स्त्रीचे आईबाप सावत्र भावंडांइतके जवळचे नातलग होते. त्याच पर्वताच्या चागिरस्काया व ओक्लाद्निकोव्ह या गुहांतील तेरा व्यक्तींची जनुके २०२२ मध्ये अभ्यासिली गेली. त्यांत एक बाप व त्याची तरुण मुलगी ओळखता आली, आणि ही टोळी दहा-वीस माणसांचीच असावी असे अनुमान निघाले. मुली लग्न होऊन दुसऱ्या टोळीत जात, एवढाच काय तो बाहेरच्यांशी संबंध. फ्रान्समधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील माँद्रँ गुहेतल्या एका पुरुषाचा वंश तर सुमारे पन्नास हजार वर्षे इतर निअँडरथलांपासून तुटलेला होता, असे २०२४ मध्ये आढळले. आणि त्याचे शेजारी काही दिवसांच्या चालीच्या अंतरावर राहत होते! सर्वच निअँडरथल निकट नात्यात विवाह करीत होते असे नव्हे. क्रोएशियातील व्हिंदिया गुहेतील स्त्रीच्या बाबतीत तसे दिसत नाही. पण टोळ्या लहान, विखुरलेल्या आणि एकमेकींना पारख्या, हे चित्र पुनःपुन्हा उमटते.

अशा समाजाच्या नाशाला मोठ्या संकटाची आवश्यकता नसते. वीस माणसांच्या टोळीत ओळीने पाच मुलगेच जन्मले, एका हिवाळ्यात दोन तरण्या बायका बाळंतपणात दगावल्या, एका शिकारीत तीन पुरुष पडले, की ती टोळी पुन्हा उभी राहत नाही. मोठ्या समाजात असे योगायोग एकमेकांना फेडून टाकतात; लहान समाजात ते साचत जातात. एक साधे गणित मांडून पाहावे. पाच हजारांच्या समाजात दर पिढीला शंभर माणसांच्या जागी पंचाण्णवच उरली, तर शंभर पिढ्यांनंतर, म्हणजे अडीच-तीन हजार वर्षांनी, सुमारे तीस माणसे राहतात. शंभरांत पाचांची तूट एका पिढीच्या माणसांना जाणवणारही नाही. एझ्रा झुब्रो याने १९८९ साली असेच गणित मांडून मृत्युमानातील दोन टक्क्यांच्या फरकानेही सुमारे तीस पिढ्यांत, दोन समाज शेजारी असता, एक नामशेष होऊ शकतो असे दाखविले होते. २०१९ मध्ये क्रिस्त व्हासेन व त्याच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितले की, निअँडरथलांची संख्या मुळातच इतकी थोडी होती की, निकट विवाह, जोडीदारांचा तुटवडा व केवळ दैवयोग यांनीही, आधुनिक मानव आला नसता तरी, त्यांचा अंत होणे शक्य होते.

मग आधुनिक मानव का तगला? याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की युरोपात प्रथम आलेले आधुनिक मानवही तगले नाहीत. जर्मनीतील रानिस येथील सुमारे पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वीची माणसे व तिची नातलग असलेली चेक देशातील झ्लाती कून येथील स्त्री यांचा वंश आजच्या कोणत्याही समाजात आढळत नाही. रुमानियातील ओआसे गुहेत २००२ साली सापडलेल्या, सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या मानवाचीही तीच गत झाली. ही माणसे अंगाने, बुद्धीने आपल्यासारखीच होती. त्यांच्या टोळ्या लहान होत्या, आणि त्या मेल्या. तेव्हा ‘निअँडरथल मेले, आधुनिक मानव जगले’ हे विधानच सदोष ठरते. लहान टोळ्या मेल्या, मग त्या कोणत्याही जातीच्या असोत. फरक इतकाच की, आधुनिक मानवाची एक लाट ओसरली तरी मागे आफ्रिकेत व पश्चिम आशियात दुसरी लाट पाठविण्याइतका मोठा समाज शिल्लक होता. निअँडरथलांच्या पाठीशी असा साठा नव्हता.

या संख्येला संबंधांचीही जोड होती. मॉस्कोच्या पूर्वेस सुंगीर येथे सुमारे चौतीस हजार वर्षांपूर्वीची दफने आहेत. एक प्रौढ पुरुष व डोक्याला डोके लावून पुरलेली दोन मुले यांच्या अंगावर मॅमथच्या दाताचे दहा हजारांहून अधिक मणी होते. २०१७ मध्ये त्यांची जनुके तपासली, तेव्हा एकत्र पुरलेली ही माणसे निकटची नातलग नाहीत, आणि टोळी लहान असूनही तीत निकट विवाह नाहीत, असे आढळले. म्हणजे दूरदूरच्या टोळ्यांशी त्यांचे सोयरसंबंध होते. सुंगीरची माणसे निअँडरथलांच्या नंतर सहा हजार वर्षांनी झाली, ही मर्यादा खरी. पण दोन्हींतील भेद उघड आहे. दूरवरून आलेले शंखशिंपले आधुनिक मानवांच्या वस्त्यांत वारंवार मिळतात. निअँडरथलही कधीकधी लांबून दगड आणीत. परंतु त्यांची बहुतेक हत्यारे जवळपासच्या दगडाची असतात. ज्याला दुष्काळात जाण्यासाठी शंभर कोसांवर सोयरा आहे, तो एका वाईट हिवाळ्याने संपत नाही. शिवाय एका टोळीतील कारागीर मेला तरी त्याची विद्या दुसऱ्या टोळीत जिवंत राहते. मणी आणि शंख हे शृंगाराचे पदार्थ खरे, पण ते ओळखीचे व नात्याचेही चिन्ह असू शकतात.

जनुकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. निअँडरथल सर्वस्वी नाहीसा झालाच नाही. आफ्रिकेबाहेरच्या सर्व मानवांच्या जनुकांत सुमारे दोन टक्के अंश त्याचा आहे. आफ्रिकेतील समाजांतही, परत गेलेल्या लोकांमुळे, तो अल्पांशाने आढळतो. प्रत्येकाच्या ठायी असलेले तुकडे वेगवेगळे असल्यामुळे सर्व मानवांचे मिळून त्याच्या जनुकसंचाचा निदान एकपंचमांश भाग अद्यापि जिवंत आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून हा संकर सुमारे ५०,५०० वर्षांपूर्वी सुरू होऊन सात हजार वर्षे चालला असे दिसते. ओआसे येथील मानवाचा खापरपणजोबा किंवा त्याच्या आगेमागच्या पिढीतील एक पूर्वज तर शुद्ध निअँडरथल होता. याउलट, अखेरच्या काळातील ज्या थोड्या निअँडरथलांची जनुके वाचली गेली, त्यांच्यात नजीकच्या आधुनिक मानवाचा अंश आढळला नाही. यावरून मिश्र विवाहांची मुले बहुधा आधुनिक मानवांच्या टोळ्यांत वाढली असावीत. पुरावा थोडा आहे, पण तो खरा असेल तर त्याचा अर्थ गंभीर आहे. ज्या समाजाला प्रत्येक तरुण माणूस मोलाचा, त्याची माणसे शेजारच्या मोठ्या समाजात जात राहिली आणि परत कोणी आले नाही. मोठ्या समाजाला तो चिमूटभर लाभ होता; लहान समाजाला ती न भरून येणारी हानी होती.

या वारशाचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आहे. आपल्या देशात निअँडरथलाचे निर्विवाद अवशेष सापडलेले नाहीत. नर्मदेकाठच्या हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली प्राचीन कवटी कोणत्या मानवाची, याविषयी मतभेद आहेत. परंतु हाडे नसली तरी जनुके आहेत. कोविडच्या साथीत, २०२० साली, ह्यूगो झेबर्ग व पेबो यांनी असे दाखविले की, रोग तीव्र होण्याशी निगडित असलेला तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे; दक्षिण आशियातील सुमारे निम्म्या लोकांत तो असून युरोपात शेकडा सोळा लोकांत आहे. दक्षिण आशियातील रुग्णांत हा संबंध तितका स्पष्ट नसल्याचे पुढे भारतीय संशोधकांना आढळले. २०२१ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा त्याच रोगापासून काही अंशी संरक्षण देतो असेही दिसून आले. म्हणजे ज्यांना आपण संपलेले म्हणतो, त्यांचे देणे आणि घेणे आपल्या घरात आजही चालू आहे.

सारांश असा की, निअँडरथलांच्या अंताचे एकच कारण सांगता येत नाही. चंचल हवामानाने त्यांचे प्रदेश तुटले. तुटलेल्या टोळ्या लहान व एकाकी झाल्या. अधिक संख्येचा, अधिक सोयरिकी असलेला शेजारी त्याच शिकारीवर व त्याच गुहांवर हक्क सांगू लागला. आणि काही माणसे त्या शेजाऱ्यात मिसळून गेली. यांपैकी एकेक कारण त्यांनी पूर्वी सोसले होते. सर्व एकाच वेळी आली तेव्हा शंभर पिढ्यांत त्यांची शिल्लक संपली. या उत्तरात हत्यारे करण्याचे कौशल्य वा बुद्धी यांचे स्थान शून्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु ते पहिले स्थान नव्हे, एवढे पुरावा स्पष्ट सांगतो.

शिक्षकांनी या प्रश्नाकडे लक्ष देण्याचे कारण विज्ञानापुरते मर्यादित नाही. हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ मध्ये रूढ केलेला ‘योग्यतम तोच टिकतो’ हा वाक्प्रचार आपल्या शाळांत ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीच्या अर्थाने शिकविला जातो, आणि निअँडरथल हे त्याचे आवडते उदाहरण असते. त्यातून विद्यार्थ्याच्या मनावर असे ठसते की, जो समाज नष्ट झाला तो नष्ट होण्याच्याच लायकीचा होता. ही समजूत पुढे जगाच्या इतिहासात अनेकांच्या नाशाचे समर्थन करण्यासाठी वापरली गेली आहे. साडेतीन लाखांहून अधिक वर्षे हिमयुगांशी झुंजलेल्या, आपले अपंग सांभाळणाऱ्या आणि मृतांना पुरणाऱ्या त्या माणसांवर ती लादणे हा अन्याय आहे. आणि आपला वंश अजून तेवढी वर्षे टिकून दाखवावयाचा आहे, हेही विसरता कामा नये. १८५६ साली एका शिक्षकाने अस्वलाच्या म्हणून टाकलेल्या हाडांत माणूस ओळखला. वर्गात त्या माणसाविषयी बोलताना आपण निदान तेवढी दृष्टी ठेवावी.